बावन्न मिनिटांचं गिऱ्हाईक

४ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

मी कामावर नेमकं काय करते, असं तुम्ही विचारलंत. अप्पा, याचं उत्तर मला येत नाही. अ‍ॅप इंजिनियर बनवतात, चित्रं चित्रकार काढतो, विकणारे विकतात. मी या सगळ्यांच्या मधे उभी राहून हे नक्की कुणाला हवंय, असं विचारत असते. याला प्रॉडक्ट मॅनेजमेंट म्हणतात. पाच महिने शिकते आहे; भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवणं मात्र पक्कं जमलंय.

आमचं अ‍ॅप दवाखान्यात डॉक्टरांची वेळ ठरवून देतं. आजारी माणसाला रांगेत उभं राहावं लागू नये, यासाठी मला खरंच जीव तोडून काम करायचंय. हसू नका. महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही, ते सर ठरवतील.

आई लिहिते की तुम्ही पोस्टमनच्या शर्टाची काजं उलट्या बाजूला केलीत आणि सुई हल्ली तीच ओवून देते. मुलीच्या अ‍ॅपवर वेळ मिळाली तर डोळे दाखवीन, असं तुम्हीच म्हणाला होतात. मग घ्या की वेळ! लोभ आहेच, तो डोळे तपासून वाढवावा.

तुमची,
चिमी

१० फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

काल, गुरुवारी, जेवणानंतर दुकान बंद करून तुझ्या अ‍ॅपसमोर बसलो. त्याने आधी माझी उंची विचारली, मग वजन, मग रक्तगट. अगं, एवढी मापं मी कोटालाही घेत नाही. पुढे अठरा चौकोन आले. त्यात डोळे कुठेच नाहीत. तुझ्या आईने ‘नेत्रविज्ञान’ असा एक शोधून काढला. फिकट करड्यावर पांढरी अक्षरं! ती मला वाचता आली असती तर डॉक्टर कशाला हवा होता? तो दाबला की पुन्हा पहिलं पान. आईचं म्हणणं पडलं की मी फार जोरात दाबतो. मग हळू दाबला. तरी तेच. शेवटी पाच चेहरे आले, आज कसं वाटतंय म्हणून. मी रडका दाबला. त्याने माझे आभार मानले.

एक सांगतो. कच्च्या शिलाईवर ट्रायल देताना मी गिऱ्हाइकाला कपडा कसा झालाय, असं कधीच विचारत नाही. माणूस भिडेखातर छानच म्हणतो. मी त्याला हात वर करायला लावतो, खाली बसायला लावतो आणि गप्प बघतो. तुमच्याकडे असं कुणी बघत बसतं का?

डोळ्यांचं राहू दे आता. रागावू नकोस, जेवत जा.

तुझे,
अप्पा

१५ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. आणि क्षमा.

तुम्ही गुरुवारी किती वेळ बसला होतात, ते मला मिनिटापर्यंत माहीत आहे. बावन्न. परवा सरांनी आलेख दाखवला. गुरुवारी दुपारी कुणीतरी आमच्या एका पानावर बावन्न मिनिटं रमलं होतं. लोक आता आपल्याकडे रेंगाळू लागलेत, असं म्हणून त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पान माझ्या देखरेखीखालचं, म्हणून कौतुकही माझंच. मी ते घेतलं, अप्पा. वर सगळ्यांना चहासुद्धा पाजला.

आज तुमचं पत्र वाचून कानकोंडी झाले. पुढच्या शुक्रवारी कंपनीच्या मालकीणबाईंसमोर हाच आलेख मला मांडायचाय. तो रंगला तर मी कायम. खरं सांगितलं तर सरांची शोभा होईल आणि माझी गच्छंती. काय करू ते लिहा. माया पातळ करू नका.

तुमची,
चिमी

१९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अ. उ. आ.

माप चुकलं की मी गिऱ्हाइकाला तिथल्या तिथे सांगतो आणि दोन शब्द ऐकून घेतो. नाहीतर तो शर्ट गावभर माझी चुगली करत फिरतो. बाकी तुझं तू बघ. पोस्टमनला मात्र तू कायम झालीस असं सांगून बसलोय. त्याची काजं अजून उसवायचीत, त्यामुळे तोच माझ्यावर इतका चिडलाय की जास्त काही विचारणार नाही.

तुझे,
अप्पा

२५ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
सा. न. वि. वि.

काल मी आलेख लावलाच नाही. सरांच्या हातात मोबाइल दिला, डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं आणि हाताची घडी घालून गप्प उभी राहिले. सर हसत हसत बसले. चौथ्या मिनिटाला त्यांनी कोट काढला. अकराव्या मिनिटाला त्यांना वेळ मिळाली. मंगळवारी साडेनऊ, प्रसूती विभाग. मालकीणबाईंना हसता हसता ठसका लागला. मग मी सांगितलं की ते बावन्न मिनिटं रमलेलं गिऱ्हाईक म्हणजे माझे वडील, आणि ते अजून डॉक्टरपर्यंत पोचलेले नाहीत.

तुमची वेळ मी सरळ दवाखान्यात फोन करून घेतली आहे. बुधवारी दहा वाजता. आई सोबत येईल, पळवाट काढू नका.

संध्याकाळी सरांनी बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. एकावर मी कायम, पण जाहिरात विभागात, त्या पानाच्या आसपासही नाही. दुसऱ्यावर मी आणखी सहा महिने शिकाऊ, आणि ते पान अगदी पहिल्यापासून नव्याने माझ्याकडे. घरी विचारून सोमवारी सांग, असं सर म्हणाले. पोस्टमनला काय तोंड दाखवाल, हे माझ्या मनात येऊन गेलं. पण पेन तिथेच होतं. रागावलात तरी जीव लावणं सोडू नका, अप्पा. दुसऱ्या कागदावर सही करून आले आहे.

तुमची,
चिमी