कोळसेवाल्याचा उजवा खांदा

अजमान, मंगळवार

प्रिय दर्शना,

माझा फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवतेस. म्हणून हे पत्र माझ्या खोलीतल्या अक्रमच्या हाती धाडतो आहे. तो उद्या रत्नागिरीला निघालाय. गणपतीत मी तू काढलेलं चित्र फाडलं, तेव्हापासून तू पेन्सिलच हातात धरली नाहीस, असं आई म्हणाली. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष लागत नाही.

परवा सुट्टी होती, म्हणून अक्रम आणि मी शारजातल्या रोल्ला बाजारात गेलो होतो. उन्हाचे चटके चपलेतूनही बसत होते. "यल्ला, चल, आत एसी आहे आणि फुकट आहे," म्हणत त्याने मला जवळच्या एका म्युझियममध्ये ढकललं. चित्रांशी माझं काय देणंघेणं! गार हवा खात मी आपला फिरत होतो, आणि एका लहानशा चित्रापुढे थबकलो. दीडेकशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या कुणीतरी नुसत्या पेन्सिलीने काढलेलं. रस्त्यावरची सकाळ आहे. एक बाई भाजी निवडून घेतेय, कुत्रं तिच्या पायात घुटमळतंय, आणि कडेला एक कोळसेवाला पोतं खाली टेकवून दम खातोय.

काय नजर असेल गं त्या चित्रकाराची! पोतं खाली ठेवलंय, तरी गड्याचा उजवा खांदा खालीच. वर्षानुवर्षं ओझं वाहिलं की खांदा रिकामा झाला तरी वर येत नाही. हे कुणी सांगून कळत नाही, माणसाकडे नीट बघावं लागतं. राजेमहाराजे सोडून त्याने या काळ्या हातांच्या माणसावर एवढी मेहनत घेतली, याचंच मला कौतुक वाटत राहिलं. अर्धा तास मी तिथून हललो नाही. शेवटी अक्रम जवळ येऊन म्हणाला, "धनंजय, हा तर तूच आहेस रे!"

तूही मला तसंच काढलं होतंस. पडवीत चहा पिताना, उजवा खांदा पडलेला. 'मला वाकडा काढतेस' म्हणून मी ओरडलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, पोरी. मी इथे सुपरवायझर नाही. कधीच नव्हतो. नऊ वर्षं साइटवर सिमेंटच्या गोणी वाहतोय. तुम्हाला पाठवलेला ऑफिसातला तो फोटो इंजिनियरच्या खुर्चीत बसून काढलेला. तू ते न सांगता ओळखलंस, म्हणून मी चित्र फाडलं. चुकलो, मला माफ कर. आईला काय सांगायचं ते मी बघतो. तू चित्रं काढणं सोडू नकोस.

तुझाच,
बाबा