तीन पदरी रेडिएटर

३ मार्च

रेडिएटर गेला! सरावाच्या पहिल्याच चढावर काटा लालमध्ये, बॉनेटमधून वाफ. दादाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भोक मीच पाडलं. शर्यत पंधरा तारखेला.

गाडी म्हणायला दोघांची. चालवणार तो, फोटोत तो, टाळ्या त्याला. मी पाना धरणारा! यंदा एकदा तरी मला चालवू दे — हे वाक्य किती वर्षं गिळतोय.

५ मार्च

जुना पितळी रेडिएटर झाळणाऱ्याने उलटासुलटा करून पाहिला. "आता झाळायला जागाच नाही हो, नुसती ठिगळं उरलीत. सरळ अ‍ॅल्युमिनियमचा बसवा."

६ मार्च

दुकानात दोन होते. एक दोन पदरी — रुंद नळ्यांच्या दोनच रांगा, जाडी बेताची, हवा आरपार जाणारी. दुसरा तीन पदरी, जाडजूड, चकचकीत. दादाचा हात थेट त्यावर! "जेवढे पदर जास्त तेवढं इंजिन थंड." मग मला, "काय रे?" म्हटलं, "बघ तुझं तू." ठरवून झाल्यावर विचारायचं कशाला?

घरी वहिनी म्हणाली, "गाडीला लावणार की यात बघून दाढी करणार?" दादा हसला. मी नाही.

८ मार्च

टेप लावली. पंख्याची पाती आणि नवा रेडिएटर यांच्यामध्ये जेमतेम करंगळी जाते. उभ्या गाडीत चालेल. पण जोरात ब्रेक मारला की इंजिन खालच्या रबरांवर पुढे झुकतं. रबरं मीच बसवलीत, मला नाही कळणार तर कुणाला? पाती थेट रेडिएटरच्या जाळीत घुसणार. दोन पदरीच हवा होता.

सांगायलाच निघालो होतो. दारातच दादा, "काही अडचण?" सूर असा, जणू मी त्याचा पगारी माणूस! जिभेवर आलेलं तिथंच गिळलं. "अडचण नाही," म्हटलं.

आपटू दे एकदा तोंडावर, चारचौघांत! जीव जाणार नाही, नाक तेवढं जाईल.

९ मार्च

बसवला. पदरी पडलं, पवित्र झालं — तेही तीन पदरी! चमकतोय मेला.

१३ मार्च

सराव. उतारावरच्या पहिल्याच वळणाला ब्रेक — कर्र्र! पाती जाळीत, रस्ताभर रेडिएटरचं हिरवं पाणी. बाकीचे गाडीवाले धावत आले. दादा स्टिअरिंग धरून तसाच बसलेला. म्हणाला, "निवड माझी चुकली." माझं नाव काढलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, आणि त्याचाही रागच आला. शिव्या तरी घालायच्या!

१४ मार्च

दादा म्हणाला, "टेप लावून करंगळी घालत होतास, ते खिडकीतून बघितलं मी. म्हणून तर विचारलं, काही अडचण? तू नाही म्हणालास, मी गाडी काढली."

वहिनीने बाकीचं सांगितलं. "बोलत जा हो भावोजी! यांचा गुडघा गेलाय, सराव कसाबसा करतात, शर्यतभर क्लच दाबवत नाही. उद्याच्या शर्यतीला नाव तुमचं दिलंय." मला सांगायचं मात्र दादाचं राहिलं. शेवटी तोही माझाच भाऊ!

दुकानातला दोन पदरी विकला गेला. दुसरा सोमवारी येतोय. शर्यत उद्या.