लेथ बसवताना झालेला विश्वासघात

६ एप्रिल, रविवार
लेथ आला, धातू फिरवत कापायचं मशीन. माझा आणि धाकट्या भावाचा मिळून. वाफेवर चालणारं छोटं इंजिन स्वतःच्या हातांनी करायचं, हे शाळेत असतानाच ठरलेलं. आता दोघांनीही पन्नाशी ओलांडली, म्हणजे अनुभव भरपूर. महिन्याभरात इंजिन तयार. मशीन माझ्या घरी, मागच्या खोलीत. मी मोठा.

१३ एप्रिल
गंज चढू नये म्हणून मशीनला फासलेलं चिकट ग्रीस रॉकेलने पुसून काढलं. म्हणजे धाकट्याने काढलं. मी मॅन्युअल वाचून दाखवत होतो. डावीकडे हेडस्टॉक, त्यात फिरणारा स्पिंडल. स्पिंडलच्या तोंडाला चक, तो कापायचा तुकडा तीन जबड्यांत घट्ट धरतो. उजवीकडे टेलस्टॉक, लांब दांड्याचं दुसरं टोक सावरायला. मधे कॅरेज. त्यावर कापायचं टूल, आणि ते खालच्या बेडवरून, म्हणजे मशीनच्या लांब बैठकीवरून, पुढेमागे सरकतं.
धाकटा म्हणाला, एकदा हँडल फिरवून बघू का? म्हटलं, आधी थिअरी.

२० एप्रिल
मशीन टेबलावर आवळताना बेडला पीळ पडता कामा नये, नाहीतर दांडा एकीकडे जाड, एकीकडे बारीक निघतो. सपाटी बघायला स्पिरिट लेव्हल ठेवली. बेडच्या डाव्या टोकाला बुडबुडा मधोमध, उजव्या टोकाला पळालेला. लेव्हल खराब. नवी आणणार.
बायको म्हणाली, टेबलच हलतंय. याच टेबलावर अभ्यास करून मी डिग्री मिळवली, हे ती विसरते.
धाकट्याने टॉर्च धरला. तेही जबाबदारीचं काम आहे, असं त्याला समजावलं.

२७ एप्रिल
नवी लेव्हलही तशीच. हल्ली कशाचाच भरवसा नाही. धाकटा म्हणाला, कोपऱ्यावरच्या पंप दुरुस्तीवाल्याकडून लोखंडी स्टँड करून घेऊ. मी हसलो. परक्याचा हात लागला तर इंजिन आपलं कसं? धाकट्याने टॉर्च बंद करून खाली ठेवला. पटलं असावं.

४ मे
धाकटा आला नाही. कामात असेल. टेबलाखाली पुठ्ठा घातला.

११ मे
आजही नाही. फोनवर म्हणाला, "तुझं ते लेव्हलचं झालं की कळव." तुझं. आतापर्यंत आपलं होतं.

१८ मे, सकाळ
एकट्याने मशीन सुरू केलं. टेबल थरथरत भिंतीपर्यंत गेलं. बायकोने मेन स्विच बंद केला आणि निसटलेला पुठ्ठा उचलून माझ्या हातात दिला. हे मुद्दाम.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पंपवाल्याकडे गेलो. स्टँडची नुसती चौकशी करायला. तिथे त्याच्या लेथवर धाकटा. बाह्या वर, हात काळे. चकमध्ये पितळेचं चाक. आपल्या इंजिनाचं.
म्हटलं, हे कधीपासून? म्हणाला, "दादा, तुझ्याकडे मी टॉर्चच धरत बसलो असतो. यांनी पहिल्याच दिवशी हँडल हातात दिलं."
मी सुरक्षिततेचा मुद्दा मांडला. मग सख्ख्या भावाने केसाने गळा कापला, असंही म्हणालो. पंपवाला चहा सांगायला म्हणून बाहेर गेला. धाकट्याने मशीन बंद केलं, हात पुसले. मग म्हणाला, "तू हसलास ना, तेव्हा ठरवलं."
कधी हसलो, आठवत नाही.

२० मे
धाकट्याशी संबंध संपले. कायमचे. बायको विचारते, त्याला एकदा तरी हँडल फिरवू दिलं होतं का? तीही फितूर.

२९ मे
धाकट्याचा निरोप. रविवारी पंपवाल्याकडे इंजिन सुरू करणार, वहिनीला घेऊन ये. जाणार नाही.

१ जून, रविवार
बायकोला सोबत हवी म्हणून गेलो. धाकट्याने वाफ सोडली. चाक आधी अडखळलं, मग फिरायला लागलं. कुठे लटपटतंय का, ते वाकून बघितलं. सगळ्या बाजूंनी बघितलं. लटपटत नव्हतं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच वाजवल्या, असं बायको म्हणते. तिला मागून नीट दिसलं नसावं.