जेवणघरातलं कपाट न्हाणीघरात

प्रिय थोरल्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू हसून विषय बदलतोस आणि मला तो फोन ठेवल्यावर कळतं. कागदावर तुझी ती युक्ती चालणार नाही, म्हणून लिहायला बसले.

जेवणघरातलं आपलं सागवानी बैठं कपाट तुझ्या बाबांनी खालच्या न्हाणीघरात नेलं. वरच्या फळीला भोक पाडून त्यात बेसिन बसवलं. पाहुण्यांच्या ज्या बश्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही, त्यांच्या जागी आता साबण आणि दाढीचं सामान. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "हल्ली अशीच फॅशन आहे." लग्नापासून या माणसाने शर्टाची कॉलर बदललेली नाही आणि आता याला फॅशन कळायला लागली! माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

पहिला संशय तुझ्या आत्यावर गेला. भावाकडे कायमचं राहायला येण्याची धमकी ती अधूनमधून देतच असते, आणि न्हाणीघराला लागून असलेली खोली तिने केव्हाच मनाने घेतलेली आहे. फोनवर आडून आडून विचारलं, तर म्हणाली, "वहिनी, तुझी शिस्त सोसण्यापेक्षा मी इथे एकटी कुजेन." इतकं मनापासून बोलली की विश्वास ठेवावाच लागला.

मग मी कामावरच नजर ठेवली. काम चोख होतं, नाही म्हणणार नाही. जुनं पॉलिश घासून काढलं, पाणी मुरू नये म्हणून भोकाच्या कडांनासुद्धा वार्निश पाजलं. पण कपाटाचे पाय चांगले वीतभर कापले. सुतार मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकू, नंतर माझ्या नावाने बोंब नको हां. वाडग्यासारखं बेसिन वर ठेवायचं असतं तर पाय कापलेले समजलं असतं. हे तर आत बुडवलंय. उभ्याने तोंड धुवाल तर कंबर धरेल." बाबांना विचारलं, तर डोळे वर न करता म्हणाले, "मापात चूक झाली." जन्मभर नकाशे काढलेला माणूस! सूतभर फरकासाठी पडद्याची दांडी पुन्हा उतरवणारा! त्याची वीतभर चूक?

आणखी एक. मधला खण काढून टाकला, त्याखालची दारं काढली, तळाची फळीही काढली. पाइप मागे भिंतीला चिकटवून वळवून घेतला. कपाट म्हणे सामान ठेवायला, आणि त्याचं पोटच रिकामं. काल ते वाचनालयात गेले होते तेव्हा मी स्वयंपाकघरातलं स्टूल नेऊन त्याच्यापुढे बसले. गुडघे सरळ आत गेले. कुठे धक्का नाही, कुठे अडचण नाही. हात आपसूक नळापर्यंत पोचला. नळ सोडायचं मात्र सुचलं नाही.

मग बाकीचं एकेक समोर यायला लागलं. बाबा घरात पट्ट्याच्या सँडल घालतात. मी समजले, म्हातारचळ. पण साधी चप्पल डाव्या पायातून निसटते, हे मी बघूनही बघितलं नव्हतं. जिना चढताना "तू हो पुढे" म्हणतात. मी त्याला सौजन्य समजत होते. इतक्या वर्षांत कधी न दाखवलेलं सौजन्य! तुझा फोन आला की गच्चीवर जातात आणि खाली येऊन सांगतात, हवापाण्याच्या गप्पा होत्या. आणि तू मागे ऑफिसचं काम काढून आलास, तेव्हा दोघं चष्म्याचा नंबर काढायला म्हणून सकाळी गेलात ते दिवेलागणीला परत आलात. चष्मा अजून जुनाच आहे, थोरल्या. मी तेव्हा काही बोलले नाही म्हणजे मला दिसत नाही, असं तुम्ही बापलेकांनी धरून चाललात.

आज सकाळी बेसिनवरचा आरसा लावायला माणूस आला. बाबांनी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ठेवली होती, नेहमीच्या सवयीने, उभ्या माणसाच्या उंचीवर. मी ती खूण पुसली आणि आरसा खाली लावून घेतला, बसलेल्या माणसाचा चेहरा दिसेल असा. बाबा दारात उभे होते. आरशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन पलंगावर बसले. त्यांना विचारलं तर ते पुन्हा खोटं बोलतील, आणि तेही त्यांना नीट जमत नाही. म्हणून तुला विचारते. डॉक्टर काय म्हणाले, कुठल्या शब्दांत म्हणाले, चाकांची खुर्ची कधी लागेल, सगळं लिही. धीर बिर देत बसू नकोस. मला माहीत असायलाच हवं, कारण त्या खुर्चीमागे तू नाही, मी उभी राहणार आहे.

उलट टपाली उत्तर न आल्यास स्वतः येऊन दारात उभी राहणारी,
तुझीच,
आई