वांगेसटीचं एकुलतं वांगं

अड्याळ,
५ सप्टेंबर १९७८

चि. सुलोचनास,

सत्यभामाचे अनेक आशीर्वाद. येथील मंडळी देवाच्या कृपेने बरी आहे, तुम्हीही आंबागडला बरेच असाल. शाळेत शिकवलेलं पत्र मले एवढंच आठवते. आता पुढं जसं बोलते तसंच लिहिते.

पोळा झाला. परवा सकाळी पोट्टे नारबोदीचा पुतळा घेऊन गावाबाहेर गेले. 'रोगराई, ढेकूण, मोंगसे घेऊन जा गे नारबोद' म्हणून साऱ्या गावानं आरोळ्या देल्ल्या. मीही दारात उभी राहून ओरडली, अन् मनातल्या मनात अजून एक नाव घेतलं. कोणाचं, ते तुले सांगायची गरज नाही.

राखीले माहेरी जाता जाता तू दोन दिवस इथी थांबली, तेवढ्यात माह्या जावेनं तुले वांग्याचे रोपं बांधून देल्ले म्हणे, ओल्या फडक्यात! मले कालच आमच्या सासूकडून, मामीजीकडून समजलं. काहून वो, बहीण माही अन् देणारी कुंता? मले एका शब्दानं विचारलं नाही. ते काही बाजारातले रोपं नोहोत. मामीजीच्या सासूपासून चालत आलेलं बी आहे ते. जांभळं वांगं, त्यावर पांढऱ्या रेघा, अन् भाजलं का साल हात लावल्याबरोबर सुटते. बी राखेत घोळून दुधीच्या वाळल्या तुंब्यात भरतात अन् तुंबा चुलीच्या वर टांगून ठेवतात. या घरची सासू कोण ते त्या तुंब्यावरून समजते.

औंदा मामीजीले डोळ्यानं बरोबर दिसत नाही. म्हणून त्याइनं आम्हा दोघीले अर्धं-अर्धं बी देल्लं. घरामागच्या सांदवाडीत मधोमध तुराट्याचं कुंपण घातलं. विहिरीकडची बाजू कुंताची, गोठ्याकडची माही. अन् सांगतलं का वांगेसटीले, म्हणजे चंपाषष्ठीले, जिच्या झाडाचं वांगं देवापुढं येईल, तुंबा तिचा. आमच्या घरात चातुर्मासात वांगं कोणी तोंडाले लावत नाही. वांगेसटीले भरताचा नैवेद्य झाला, का मंग सारे खातात.

आता तूच सांग. मी मोठी सून. सातवी पास. तुंबा माह्या हातात यायले पायजे का नाही? कुंताले आपलं नाव लिहिता येत नाही. तिच्या माहेरून पत्र आलं का पदर सावरत माह्या पुढ्यात येऊन बसते, 'वाचा नं बाई.' मी वाचते. तिचा भाऊ पानभर निरा तिचीच तारीफ लिहिते. तेवढं मी गाळून टाकते. तिले कुठं समजते!

भाऊजीले नमस्कार सांग. रोपाले पाणी घालत जा, देल्लेच आहेत तं.

तुही बाई,
सत्यभामा


अड्याळ,
१२ ऑक्टोबर १९७८

चि. सुलोचनास,

आशीर्वाद. काल दसरा झाला. सोनं देऊन घेऊन हात दुखले. तुह्या भाऊजीले खोकला आहे, बाकी सारं ठीक.

कुंताच्या झाडाइचं का सांगू तुले! विहिरीजवळचे चार झाडं असे गच्च झाले का आतलं खोड दिसत नाही. पाल्यावर पाला. शेणखत दोघीनं एकाच खड्ड्यातून उचललं, पाणी एकाच विहिरीचं, अन् माह्या झाडाले मोजून पानं! शेजारपाजारच्या बाया पाहायले येतात. सुंदरबाई, ती चौकातली, तिनं तं चक्क माह्यासमोर म्हटलं, 'सत्यभामा, धाकटीकडून शीक जरा.' तिच्या तोंडात मिरची कोंबावंसं वाटलं मले.

मामीजीनं हातानं चाचपून पाह्यलं. म्हणे, 'किती मऊ पाला व माय! कुंताच्या हाताले यश आहे.' मी तिथंच बादली घेऊन उभी होती. लग्न होऊन मले या घरात किती वर्षं झाले, माह्या कोणत्या गोष्टीले यश आहे असं एकदा तरी म्हणा नं! बादली तिथंच आपटली अन् डोकं दुखते म्हणून जाऊन पडली. कुंता मंग कपाळाले बाम लावायले आली. तेही चांगलंच लावते मेली.

सायंकाळी बिड्या वळता वळता मी रेडिओ लावते. नागपूरहून शेतकऱ्याइचा कार्यक्रम असते. परवा वांग्याच्या रोगाबद्दल कोणी साहेब सांगून राहिले होते. तेवढ्यात कुंता सूप घेऊन येऊन बसली. 'वांग्याचं का सांगून राहिले वो बाई?' म्हणाली. अन् सेल उतरला. जाऊ दे.

पण त्या दिवसापासून मले झोप चांगली लागते. दिसते तसं नसते म्हणून जग फसते, एवढंच लिहिते.

सत्यभामा


अड्याळ,
१८ नोव्हेंबर १९७८

चि. सुलोचनास,

आशीर्वाद. दिवाळीचं तुहं पत्र भेटलं. अनारसे हसले म्हणून रडू नको, माहेही हसले होते.

कुंताची सारी बाजू तशीच गच्च झाली, अन् वांगं धरलं नाही. एकही नाही. फुलं यायच्या जागी हिरवे पानंच निंगले. ती रोज सकाळी झाडाजवळ उकिडवी बसून पाला बाजूला सारून पाहते अन् म्हणते, 'येईल, येईल. उशिराचं असते कोणतं कोणतं.' मी कुंपणाच्या इकडून पाहत होती. मले बरं वाटत होतं. खोटं कायले बोलू?

अन् मंग एके दिवशी ती टाळ्या पिटत पळत आली. 'बाई, चाला नं, पाहा! तुमचेही झाडं आमच्यावानी गच्च होऊन राहिले!' काय आनंद झाला होता तिले! जाऊन पाह्यलं तं कुंपणाजवळच्या झाडाइले तेच बारके, फिक्के, मऊ पानं.

त्या रोगाले बोकड्या म्हणतात. बारके हिरवे तुडतुडे रोगट झाडाचा रस पितात अन् उडून चांगल्या झाडावर बसतात, संगं रोग घेऊन जातात. झाडावर औषध नाही. दिसल्याबरोबर मुळासकट उपटायचं अन् जाळायचं, तवाच बाकीचे वाचतात. तू म्हणशील, बाई, तुले हे कसं मालूम? मालूम आहे. पुढं विचारू नको.

मले वाटलं होतं, कुंपण आहे. आता हसायले येते. तुडतुड्याले कुंपण!

कुंता तळ्यावर धुणं घेऊन गेली का मी माह्या बाजूचं एक-एक झाड उपटते अन् चुलीत घालते. ओलं झाड लय धुपते, डोळ्याची आग होते. गोठ्याच्या भिंतीजवळ एकच चांगलं राहिलं. त्यावर जुन्या लुगड्याचा पातळ पदर झाकला. बिडीची तंबाखू सुपात खाली उरते नं, ती रातभर भिजवून त्याचं पाणी शिंपडते. कुंतानं विचारलं, 'लुगडं कायले वो?' म्हटलं, थंडी आहे. ती बिचारी घरातून दुसरं लुगडं घेऊन आली. म्हणे, दोन टाका.

त्या झाडाले एक फूल आहे, जांभळं, खरं फूल.

तुह्या झाडाइचं तू काही लिहिलं नाही. मीही विचारत नाही.

सत्यभामा


अड्याळ,
८ डिसेंबर १९७८

सुलोचना,

आज खुशाली-बिशाली काही नाही. परवा वांगेसट झाली. मी जिंकली.

आदल्या दिवशी लुगडं उचलून पाह्यलं तं वांगं हातभर सावलीत कसं लखलख करत होतं. अन् वर शेंड्याले पाह्यलं, तं बारीक पानं. त्या झाडालेही बोकड्या लागला होता. म्हणजे याच्यापुढं या झाडाले दुसरं फळ येणार नव्हतं. हे वांगं झाडावरच पिवळं होऊ देल्लं असतं तं बी पडलं असतं. कोवळ्या वांग्याचं बी उगवत नाही हे लहान लेकरालेही मालूम आहे, तुले मी नव्यानं का सांगू. मी थोडा वेळ बसली तिथं. मंग इचार केला, बी तं तुंब्यात असेलच घरचं. एकदा तुंबा हाती आला का झालं. अन् तोडलं.

गोवऱ्याच्या आरावर भाजलं, कांद्याची पात घालून भरीत केलं, ज्वारीच्या भाकरीवर ठेवून नैवेद्य दाखवला. घरात असा वास सुटला का तुहे भाऊजी खोकला विसरून आत आले. देवर म्हणाला, 'वहिनी, तुम्हीच राखली लाज घरची.' मामीजीनं चुलीवरचा तुंबा काढायले लावला अन् साऱ्याइच्या समोर माह्या पदरात टाकला. कुंतानं मले कुंकू लावलं. किती दिवसापासून मी त्या घडीची वाट पाहून राहिली होती, तुले मालूम आहे.

मी तुंबा हलवला. आवाज आला नाही. बूच काढून तळहातावर उपडा केला, तं राख पडली.

'मामीजी, बी कोठी आहे?'

'बी?' त्या म्हणाल्या, 'मागच्या सालच्या बियाले भुंगे लागले होते. होतं तेवढं सारं तुम्हा दोघीले वाटून देल्लं नं. बी आता झाडावर असेल, माय. तुमच्या दोघीइच्या झाडावर.'

कोणाच्या झाडावर वो? तिची बाजू साऱ्याच्या सारी बोकड्यानं खाल्ली, माही चुलीत गेली, अन् शेवटचं वांगं देवाच्या ताटात होतं. त्यातलाही अर्धा घास मी खाल्ला होता. मामीजी मंग भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या. त्याइच्या सासूचं बी होतं ते.

अन् तेवढ्यात कुंता माह्या पाया पडली. ऐक, ती का म्हणाली ते. म्हणाली, 'बाई, चूक माही आहे. माह्या झाडाइची सारे तारीफ करत होते, माह्याच झाडाइले नजर लागली, अन् तिथून ती बला तुमच्याकडं आली. माह्यामुळं तुमचे झाडं गेले. मले माफ करा.' रडत होती. मी तिले उठवलं. पायावर तिचे आसवं होते, ते मी पुसलेही नाही.

सुलोचना, त्या दिवशी रेडिओचा सेल उतरला नव्हता. मीच बटन पिरगाळलं. साहेबानं सारं सांगतलं होतं, कुंता यायच्या आधीच. मी तोंड उघडलं असतं तं तिचे चार झाडं जळाले असते, अन् बाकी दोन्हीकडची सांदवाडी आज वांग्यानं लदली असती. पण मले ते चार झाडं तसेच उभे पायजे होते, बिनफळाचे, साऱ्या गावाले दिसतील असे. 'हाताले यश आहे' म्हणणारीले दिसतील असे. एवढ्यासाठी केलं मी.

अन् खरं सांगू? अजूनही जळतेच मी. काल ती पालकाचं बी टाकत होती, अन् मले वाटलं, हिचं उगवेल, माहं नाही. इतकं झाल्यावरही मन सुधरत नाही, का करू!

आता विचारते. लाज वाटते तरी विचारते. कुंतानं देल्लेले ते रोपं तुह्या अंगणात आहेत का? मीच तुह्यावर डाफरली होती त्याच्यापायी. एखाद्या झाडाचे पानं बारके अन् गच्च दिसले तं जीव लावू नको, पाहुणे कितीही तारीफ करोत, त्याच दिवशी उपट अन् जाळ. चांगल्या झाडावरचं एक मोठं वांगं राखून ठेव. देठाले लाल चिंधी बांध म्हणजे भाऊजी तोडणार नाहीत. पिवळं पडलं का बी धू, सावलीत वाळव, राखेत घोळ.

अन् ते माह्या नावानं पाठवू नको. कुंताच्या नावानं पाठव. संगं तिले एक पत्र लिही. त्यात रेडिओचं लिही, सेलाचं लिही, बोकड्याचं लिही, माह्या चुलीतल्या झाडाइचं लिही. मी तिले तोंडानं सांगायले दोनदा गेली, अन् दोन्ही वेळा मिठाचं विचारून परत आली. माहा मलेच भरोसा नाही. पण पत्र आलं का ती पदर सावरत माह्याच पुढ्यात येऊन बसणार आहे. 'वाचा नं बाई' म्हणणार आहे.

मी वाचीन. एक अक्षर गाळणार नाही.

तुही बहीण, कुंताची जाऊ,
सत्यभामा