खोक्यात राहिलेली पोस्टकार्डं

९ जून
सकाळी दवाखान्यात पिशोरहून सुमनबाई आल्या. सोबत मुलगी रेणुका, वय तेरा. पुढचा दात हलतो म्हणे. तेराव्या वर्षी पुढचा दात हलायचं काही कारण नाही. तोंडात पाहिलं. उजवीकडे दुधाचा सुळा अजून ठाण मांडून बसलेला, आणि टाळूला उंचवटा. लगेच एक्स-रे काढला. फोटोत दिसलंच. खरा सुळा आत आडवा पडलाय, टोक शेजारच्या दाताच्या मुळावर. मूळ जवळजवळ अर्धं खाल्लेलं.

आधी कुणाला दाखवलं होतं का, विचारलं. चेहरा आठवला नव्हता मला. सुमनबाई म्हणाल्या, "तुमालाच की जी. दोन वर्सं झाली. बाई म्हणल्या व्हत्या, पत्र टाकू तवा या. पत्रच नाय आलं."

मग इकडेतिकडे पाहून, "बाई दिसनात?"

बाई म्हणजे वसू, माझी बायको. सांगितलं, तिला जाऊन श्रावणात दोन वर्षं होतील. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला. रेणुका बिचारी तोंड उघडं ठेवूनच. बंद कर म्हणायचं विसरलो.

१० जून
कपाटावरचं वसूचं खोकं काढलं. साडीच्या दुकानातलं, पुठ्ठ्याचं. ती गेल्यापासून हात लावला नव्हता. लावायचाच नव्हता.

तिची पद्धत अशी. दहा-अकरा वर्षांचं मूल आलं की मी हिरडीवर बोट फिरवून सुळ्याचा उंचवटा शोधायचो. लागला नाही तर सुळा भलत्या वाटेला असायची शंका, मग म्हणायचो, "लिही." ती तिथल्या तिथे पोस्टकार्ड लिहायची, पत्ता घालायची आणि ज्या महिन्यात पुन्हा बोलवायचं त्या कप्प्यात खोचायची. फोन का नाही करत, म्हणून मी कितीदा चेष्टा केली. गावाकडे नंबर बदलतात, घर बदलत नाही, म्हणायची.

रेणुकाचं कार्ड डिसेंबरच्या कप्प्यात. "रेणुकाला घेऊन या. वरचा उजवा सुळा डॉक्टरांच्या बोटाला लागला नव्हता. पुन्हा पाहायचा आहे. न विसरता." 'न विसरता'खाली रेघ.

एकूण अकरा कार्डं. खोकं बंद केलं.

११ जून
त्या डिसेंबरात दुधाचा सुळा काढून टाकला असता, तर खरा सुळा बरेचदा आपणहून वाटेला लागतो. बरेचदा. नेहमी नाही. आज दिवसभर या 'नेहमी नाही'च्या आड लपून बसलो होतो.

१४ जून
स्कॅन आला. सुमनबाईंना समजावलं. टाळू थोडी उघडून सुळ्याला धातूचं इवलंसं बटण चिकटवायचं, त्याला बारीक साखळी, आणि तारेने महिनोन्महिने हळूहळू ओढायचा. आधी मुळापासून लांब, मग जागेवर. दीड वर्ष, कदाचित जास्त. पुढचा दात राहील का? सुळा दूर झाला की मूळ खाणं बहुधा थांबतं. बहुधा.

"कशानं झालं जी असं?"

काही सुळ्यांची वाट चुकते, म्हणालो. खोटं नव्हतं. खोकं त्यांच्या पाठीमागे कपाटावरच होतं. त्यांनी मान डोलावली, माझ्यावर विश्वास ठेवून. त्याचीच जास्त लाज वाटली.

दुपारी घरी जेवलो. खानावळवालीच्या वरणात मीठ नव्हतं. सांगणार कुणाला?

२७ जून
सर्जन मित्र आला होता, सुळा उघडला, मी साखळी लावली. वसू असताना ती मुलांची पावलं धरून बसायची. तेवढ्याने पोरं शांत. आज पावलांपाशी कुणी नव्हतं. रेणुका तरीही हलली नाही. शूर मुलगी.

नंतर न राहवून ते कार्ड सुमनबाईंच्या हातात दिलं. हे तुमचं पत्र, टाकायचं राहिलं, वेळेत बोलावलं असतं तर कदाचित एवढं झालं नसतं, चूक माझी. सगळं एका दमात. त्यांनी कार्ड रेणुकाला दिलं. तोंडात कापूस, त्यामुळे तिने मनातच वाचलं.

सुमनबाई रागावतील वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आमी बी बसलो वाट बगत. बोलावल्याबिगर कसं यावं म्हणून." मग एकदम, "आजून कुणाची राहिलीत का अशी?"

दहा, म्हणालो.

"मंग टाका की, डाक्टर."

जाताना विचारलं, ह्ये नेऊ का आमी? वसूचं अक्षर. नाही म्हणायचं होतं. दिलं.

३ जुलै
दहा कार्डं टेबलावर. वाटलं, माझ्या हाताने नवी लिहावीत आणि तिची ठेवून घ्यावीत. दोन लिहिली. माझं अक्षर औषधाच्या दुकानदाराशिवाय कुणाला लागत नाही. फाडली. नऊ कार्डांवर आजची तारीख टाकून औरंगपुऱ्यातल्या टपालपेटीत टाकली. दहावं खिशात राहिलं. पाचोडच्या एका मुलाचं. त्याच्यात तिने शेवटी लिहिलंय, "रडलास तरी चालेल, पण ये." हे एक तरी माझ्याजवळ असू दे.

४ जुलै
तो मुलगा आता बारा वर्षांचा होत आला असेल. म्हणजे अजून वेळ असेल. वसूने मला उभं-आडवं झोडलं असतं. सकाळी चहाआधी जाऊन टाकून आलो. परत येताना उगाच खिसा चाचपत होतो.

१९ जुलै
चार मुलं येऊन गेली. तिघांचे सुळे आपापल्या वाटेने खाली. एकीचा दुधाचा सुळा काढला. बाकीच्यांचं अजून काही नाही. दार वाजलं की मान वर होते.

२२ ऑगस्ट
रेणुकाची साखळी आवळली. सुळा किंचित सरकलाय, असं मला वाटतं. मला वाटून उपयोग नाही, फोटो पुढच्या महिन्यात. पुढचा दात हलतो तेवढाच हलतोय. तिने विचारलं, राहील का? म्हटलं, अजून कळत नाही. हे आता मी तिला सरळ सांगतो.

ती उठते तोच पाचोडचा मुलगा आणि त्याचे वडील दारात. कार्ड घडी घालून खिशात आणलेलं. वडील म्हणाले, "बाईंनी बोलावलंय."

बसा म्हटलं. पोराला खुर्चीत घेतलं. डाव्या बाजूला सुळा बोटाला लागला. उजवीकडे बोट वर-खाली फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही लागेना.

"लिही," म्हणालो.

वडील माझ्याकडे बघत राहिले. रेणुका दारातून मागे वळली, टेबलावरचं कोरं कार्ड घेतलं आणि विचारलं, "काय लिहू?"