पान चौऱ्याऐंशीवरची यापा

चालापाता, शुक्रवार

आईच्या मागे माझी आई झालेल्या निकोलासाताईला धाकट्या कासिमीरोचा वाकून नमस्कार.

ताई, गुडघे कसे आहेत? लामाच्या चरबीचं मलम पाठवलं होतं ते लावतेस, की अजून संत सांतियागोच्या तसबिरीपुढेच ठेवलं आहेस? (संतांचे गुडघे ठणठणीत आहेत, तुझे नाहीत.) भाऊजींच्या खोकल्याचं कळव. ओरुरोत थंडी फार पडली असं दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर सांगत होता, म्हणजे तुझ्या गाळ्यावर मक्याची गरम आपी प्यायला पहाटेपासून रांग असणार. मी फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. एका हातात झारा, दुसऱ्या हातात फोन, आणि मी मुद्द्यावर आलो की ‘तेल तापलंय रे’ म्हणून ठेवून देतेस. कागदाला तेल तापल्याची सबब नाही. तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाही, नुसतं मन हलकं करायला लिहितो आहे.

तुला ठाऊकच आहे, इथल्या दूध सहकारी संस्थेत मी सतरा वर्षं ‘हंगामी’ व्यवस्थापक आहे. एवढा लांबलेला हंगाम पिकांनाही मिळत नाही. चार वर्षांपूर्वी संस्थेतलाच तो रेम्बेर्तो माझ्या खुर्चीभोवती घोटाळायला लागला, तेव्हा मीच मोठ्या हुशारीने संस्थेच्या नियमावलीत एक कलम घातलं, की कायम व्यवस्थापकाकडे व्यवसाय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी असलीच पाहिजे. सभेत टाळ्या पडल्या. ती पदवी माझ्याकडेही नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही (माझ्याही). रेम्बेर्तो मुकाट्याने ला पासला गेला आणि दोन वर्षांनी पदवी चौकटीत घालूनच परत आला. आता ऑगस्टच्या सभेपर्यंत माझ्या हातात पदवी नसेल, तर खुर्ची त्याची आणि मी घरी. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला ताई, आणि धोंडाही मीच निवडून आणलेला.

म्हणून पन्नासाव्या वर्षी ओरुरोच्या विद्यापीठाची पायरी चढलो. प्रवेशासाठी मूळ पदवी, तिची साक्षांकित प्रत, त्या प्रतीची प्रत, पिवळं फोल्डर, आणि लाल पार्श्वभूमीवर टाय घातलेले सहा फोटो. जन्मदाखला सहा महिन्यांच्या आत काढलेला हवा. मी खिडकीतल्या बाईंना म्हटलं, बाई, एवढ्यात माझा जन्म बदललेला नाही. त्या म्हणाल्या, ‘बदलला नसेल तर तसा दाखला आणा.’ आणला. मग विषय चौदा, प्रत्येकात शंभरात सत्तर गुण, आणि हजेरी ऐंशी टक्के. शनिवार-रविवार वर्ग. माझ्या बाकावर बसणारी मुलं माझ्या लग्नानंतर जन्मलेली, संख्याशास्त्राच्या तासाला मला ‘काका, झोपा, आम्ही उठवतो’ म्हणायची, आणि खरंच उठवायची. चांगली मुलं आहेत, पण मला वाईट वाटायचं.

हजेरीची कथा तर कुणाला सांगण्यासारखी नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात दुधाच्या भावासाठी रस्ता अडवला गेला आणि माझे दोन शनिवार बुडाले. विद्यापीठ म्हणालं, रस्ता खरोखर अडवला होता असा अडवणाऱ्यांचाच शिक्क्यानिशी दाखला आणा. अडवणारे म्हणजे आमच्याच संस्थेचे सभासद, आणि संस्थेचा शिक्का माझ्याच टेबलाच्या खणात! (रस्त्यात रचलेल्या टायरांच्या ढिगापाशी त्यांनी मलाही सूप पाजलं होतं.) मी रीतसर अर्ज केला, स्वतःच स्वीकारला, सही करून शिक्का मारला. विद्यापीठाने तो परत पाठवला, कारण अडवणारा आणि अडकलेला एकच इसम असू शकत नाही. इथे मी सतरा वर्षं दुसरं काय करतो आहे, ते त्यांना कोण सांगणार? शेवटी गावच्या पाद्रीबाबांकडून दाखला आणला.

मग प्रबंध. डावीकडे साडेतीन सेंटिमीटर समास, निळी कापडी बांधणी, तीन प्रती, आणि एखाद्या आजारी उद्योगाचा अभ्यास. माझ्या मार्गदर्शक बाई एकोणतीस वर्षांच्या आहेत, फार मायेने बोलतात. म्हणाल्या, ‘कासिमीरो महाशय, दुखणं नाही तर प्रबंध नाही.’ नोकरीच्या जागेवर लिहायला मनाई, म्हणून तुझा गाळा घेतला. आठवतंय ना, फेब्रुवारीत आठवडाभर तुझ्या बाकावर वही घेऊन बसलो होतो? ‘काय रे, पेले मोजतोस की नजर लावतोस?’ म्हणून तू सगळ्या बाजारासमोर माझी खेचलीस. ताई, मी दुखणं शोधत होतो. रांग संपेना, तळलेले पास्तेल उरेनात, गिऱ्हाईक भांडेना. पन्नास वर्षांत कसलीही योजना न आखता धंदा इतका निरोगी राहतो, हे पाहून मला रडू यायचं बाकी होतं. तरी कसंबसं निभावलं. येत्या गुरुवारी सकाळी नऊला तोंडी परीक्षा आहे. थकलो आहे, एवढंच.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, तुला घट्ट मिठी.

तुझा,
कासिमीरो

ता. क. – दुधाची गाडी अजून सुटली नाही, म्हणून एक किरकोळ गोष्ट लिहितो. परीक्षकांना खाऊपिऊ घालायची इथे रीत आहे, आणि कोरड्या तोंडाचा परीक्षक फार प्रश्न विचारतो. गुरुवारी चाळीस पेले आपी आणि तेवढे पास्तेल घेऊन येशील का? आपी गरम हवी. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष डॉक्टर उर्कीदी म्हणून आहेत. उंच, टक्कल, करडा मफलर. तू ओळखतेस. वीस वर्षं रोज सकाळी तुझ्याकडे उभे राहून पितात, आणि पेला संपला की लहान मुलासारखा पुढे करतात आणि सगळी गिऱ्हाइकं तुला हाक मारतात तशी मारतात, ‘कासेरिता, यापा!’ मग तू ‘आधी तळ दाखवा डॉक्टर, मग मागा’ म्हणून यापाचं ते वरचं, फुकटचं अर्धं ओगराळं ओततेस. हे मला फेब्रुवारीतच दिसलं होतं. ते अध्यक्ष आहेत हे मात्र परवा कळलं.

आणखी ता. क. (शनिवार; रस्ता पुन्हा अडवला आहे, शिक्का माझ्याकडेच आहे.) – खरं सांगून टाकतो. दुखणं मिळेना तेव्हा मी यापालाच दुखणं ठरवलं. पान चौऱ्याऐंशीवर लिहिलं आहे, की मालकीण रोज अकरा लिटर आपी विनाकारण फुकट वाटते, ही प्रथा तत्काळ बंद करावी. ते पान वाचू नकोस. त्याहून वाईट पुढे आहे. प्रबंधाला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. विद्यापीठासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन छापील नमुने मिळतात, ‘मालकाशी नातं आहे’ आणि ‘मालकाशी नातं नाही’. ‘आहे’चे संपले होते. शेवटचा दिवस होता, घाई होती. आपली आई एक असली तरी वडील वेगळे, आडनावं वेगळी, कोण पाहणार म्हटलं, आणि ‘नाही’वर सही केली. तेव्हापासून दोन महिने तुझ्या गाळ्यावर फिरकलो नाही, ते परीक्षेच्या अभ्यासामुळे नव्हे. तू मला पाठीशी बांधून आपी ढवळलीस, आणि मी लिहून दिलं की ही बाई माझी कुणी नाही. मला लाज वाटते. तरी गुरुवारी लोकांदेखत मला ‘कासी’ म्हणू नकोस, ‘महाशय’ म्हण. एवढं कर.

शेवटचा ता. क. (सोमवार) – वरचं ‘महाशय’ खोडलं असं समज. आज रस्ता सुटला, फाईल द्यायला ओरुरोला गेलो होतो. तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलो, मग डॉक्टर उर्कीदींपुढे उभा राहिलो. त्यांनी पान चौऱ्याऐंशी उघडूनच ठेवलं होतं. वाचता वाचता चष्म्यावरून म्हणाले, ‘तुमची बहीण दोन वर्षं रोज ओगराळ्याबरोबर तुमची प्रगती सांगते. संख्याशास्त्रात तुम्ही एकाहत्तर मिळवलेत तेव्हा सगळ्या रांगेला दुप्पट यापा दिली तिने. नातं नाही म्हणता?’ मग ते म्हणाले की नातं असायला नियमाची कधीच हरकत नव्हती, फक्त ते लिहायचं असतं. समोरच्या दुकानात ‘आहे’चे नमुने आले आहेत. मी दोन घेतले, एक फाईलला लावला, एक तुझ्यासाठी या पाकिटात आहे.

परंतु पान चौऱ्याऐंशी त्यांनी परत दिलं. त्यातल्या ‘विनाकारण’ शब्दावर लाल गोल आहे. गुरुवारपर्यंत कारण लिहून आणा म्हणाले, नाहीतर पुढच्या वर्षी भेटू. म्हणजे खुर्ची रेम्बेर्तोची. चौदा विषय चाळले ताई, कुठेच सापडलं नाही. तेव्हा तुझ्याकडे मागणं आहे ते हे: तू यापा का देतेस? ड्रायव्हर गाळ्यापाशी थांबेल, त्याला आपी दे आणि उत्तर त्याच्याच हाती पाठव. तीन ओळी पुरेत. चौथी लिहिलीस तर ती माझी यापा.